जिनिंगचं आवार, हिवरखेड

फिरता तवा परातीएवढा,
खाली दोन तोट्या गरगरतात.
पेव्हर ब्लॉकवर हात हलका ठेवतो,
फटीतली रेती उडाली की
लढ्ढा सेठ मजुरीतून कापते.
शहाबादी फरशीवर तर
जरा उचलूनच धरा लागते,
पापुद्रे सुटतात तिचे.

सिमेंटवर मात्र दाबून.
सरकीचं तेल, ट्रॅक्टरचं काळं,
सात पावसाळ्यांचं शेवाळ,
गोल गोल पांढरं होत गेलं.

वजनकाट्यापाशी पाय निघाला.
ओल्या काँक्रीटमधून कोणी
घमेलं घेऊन गेलं होतं :
उजवा, डावा, उजवा.
डाव्याले करंगळी नाही.

मायची डावी चप्पल
नेहमी एका बाजूनं सुटायची.

मशीन बंद केली. पाणी
त्या चार बोटांत साचून राहिलं.

सेठ म्हणे, डाग राहिले का रे?
म्हटलं, ते निघत नाही जी.