हलू नका

दांडिया बाजारात चोवीस वर्षं
मी पासपोर्टचे फोटो काढले.
हनुवटी खाली, कान दिसू देत, हलू नका.
कॅनडाला गेलेली अर्धी गल्ली
माझ्या पांढऱ्या पडद्यासमोरून गेली आहे.

आता दुकान मोबाईल कव्हरवाल्याला भाड्याने,
आणि मी टॅरोचे पत्ते करते आहे.
भविष्यावर विश्वास नाही माझा.
चेहऱ्यांवर आहे, तोही थोडा.
बहीण म्हणाली, कॉम्प्युटरकडून काढून घे की चित्रं.
म्हटलं, नको. घाम दिसला पाहिजे.

पुजारीण वाचनालयात सापडली.
शितोळेबाई, निवृत्तीला चार महिने.
काचेच्या जमिनीवर खुर्ची टाकून बसल्या,
खालच्या मजल्यावरची कुणाची तरी सावली
त्यांच्या चपलांखालून सरकून गेली.
मांडीवर कुठलं पुस्तक घेऊ? म्हणाल्या.
कुठलंही.
त्यांनी दंडाची पावतीवही घेतली.

टांगलेला माणूस म्हणजे आखाड्यातला निनाद,
कमाटीबागेत वडाच्या पारंबीला एका पायाने.
चेहऱ्यावर जरा त्याग आण, म्हटलं.
ताई, उलटंच तर मला बरं वाटतं.
तेवढ्यात खिशातून पाचाचं नाणं पडलं
आणि त्याने ते बोटाने दाखवलं,
वर, म्हणजे त्याच्या वर.
तोच फोटो ठेवला.

चंद्रासाठी तीन रात्री विश्वामित्रीच्या पुलावर.
कुत्री मिळाली, दोन, भुंकलीही मनापासून.
पण पाण्यातून वर यायला हवी ती मगर,
एरवी काठाकाठाने पडलेल्या असतात,
फोटोचं म्हटलं तर एक नाही.
चौथ्या रात्री दोन डोळे.
तिला हलू नका म्हणावं लागलं नाही.

मृत्यूला कुणी उभं राहीना.
हौशी नाटकांतून दोनदा मेलेले खानविलकरसुद्धा म्हणाले,
सुनेला सातवा लागलाय, आत्ता नको.
घोडी होती इस्माईलभाईंची, पांढरीशुभ्र.
बेन, ही वरातीची, ते म्हणाले,
हिला तसलं काम सांगू नका.
मग बराच वेळ तिच्या मानेवरून हात फिरवत राहिले.
नवरा उतरल्यावर काढा.
तेव्हा ती कुणाचीच नसते.

रात्रीचा साडेबारा, वाडीकडचा रस्ता.
जनरेटरची गाडी निघून गेलेली,
झुलीला कुणी ओवाळून चिकटवलेली दहाची नोट,
रिकामं खोगीर,
आणि घोडी आपली घरी निघालेली.
एकच क्लिक.

प्रेमी आधीच झाले होते, उत्तरायणाच्या आदल्या दिवशी.
उर्वी आणि पार्थिव, गच्चीतल्या झोपाळ्यावर,
त्याच्या बोटाला मांज्याची चीर, तिची ओढणी गुंडाळलेली.
होळीला फोन आला.
मासी, मला त्या पत्त्यातून काढा.

काढू कशी?
छापून आले होते सगळे, बावीसच्या बावीस,
कोपरे गोल कापलेले.
ती आली. हेल्मेट मांडीवर घेऊन बसली.
पत्ते एकेक पाहिले, घाई न करता,
आणि स्वतःपाशी आली तेव्हा इतका जवळ धरला
जशी लोक औषधावरची तारीख बघतात.
मी तर तेव्हाच घाबरलेली दिसते, म्हणाली.
तुम्हाला कळलं होतं?

चोवीस वर्षं.
हनुवटी खाली, कान दिसू देत.
मी तिला अजून अर्धा कप देऊ का विचारलं
आणि आत गेले गॅस लावायला.

स्कूटरचा आवाज कोपऱ्यावर वळल्यावर
गठ्ठा मोजला. एकवीस.
पुन्हा मोजला.
प्रेमी जागेवर होते,
झोपाळ्यावर, अजिबात न हलता.

घोडी नव्हती.