पाचवं नाव

पंच म्हणाले, गुरुजी, स्मरणिकेला इतिहास तुम्हीच लिहा,
दोन पानं, फोटोसकट.
कपाटातून मंडळीची पहिली वही काढली.
कडा वाळवीनं खाल्लेल्या,
आणि उघडल्याबरोबर कांद्याचा वास.
(वासाला पुरावा नाही. हे छापता येणार नाही.)

लासलगाव. नाताळ, एकोणीसशे एकसष्ट.
केशरचंद शेठची रिकामी कांदाचाळ.
शेठ म्हणाला, चैत्रापर्यंत वापरा,
मग माझा उन्हाळ कांदा येईल, तुमचा देव हलवा.
भाडं नको. आत विडी तेवढी ओढू नका.

बांबूच्या फटींतून गार वारं,
गुडघे टेकलेल्यांच्या पाठीवर उन्हाचे पट्टे.
मधोमध पोत्यावर राहेलबाई पारखे, दवाखान्यातली नर्स,
शास्त्र मोठ्यानं वाचायची,
कारण बाकी पाचांतल्या चौघांना अक्षर येत नव्हतं.
कोपऱ्यात मागच्या हंगामाचा सडका कांदा.
नाशिकहून आलेल्या पाळकांनी अहवालात लिहिलं,
"लोक पश्चात्तापाने रडत होते."
या वाक्याला राहेलबाई मरेपर्यंत हसली.

पहिल्या पानावर सहा नावं.
राहेल. शांतवन ओहोळ, रेल्वेत पॉइंट्समन.
त्याची बायको सगुणा.
सगुणाची आई, वहीत नुसतीच "म्हातारी".
पाचवं, एक हमाल.
सहावं माझ्या बापाचं.

चैत्रात कांदा आला, मंडळी बाहेर.
लिंबाखाली, सगुणाच्या ओट्यावर,
शाळेच्या व्हरांड्यात; तिथून हाकललं.
कार्तिक सरता चाळ मोकळी झाली की परत आत.
सात वर्षं आमचा देव
कांद्याच्या भावानं आत-बाहेर करत राहिला.

म्हातारी गेली तेव्हा पुरायला जागा नव्हती.
पॅसेंजरच्या ब्रेकमध्ये, कांद्याच्या गोण्यांशेजारी ठेवून
नाशिकला नेली.
शांतवनची ड्यूटी होती. रूळ त्यानंच बदलला,
गाडी गेल्यावर टोपी काढली,
आणि दुसऱ्या दिवसापासून कचेरीत खेटे.
चार गुंठे मिळाले.
म्हणून आमचं कबरस्तान आधीचं, चर्च नंतरचं.

चर्चला पैसा सुगीच्या सणानं दिला.
बाजार समितीत बोली ऐकत वाढलेली माणसं,
भोपळ्यालासुद्धा चढवत नेत.
एका वर्षी एकच कोंबडी नऊदा विकली गेली,
घेणारा पैसे मोजायचा आणि कोंबडी परत दान.
पूर्वेच्या तिन्ही खिडक्या त्या कोंबडीच्या.
(हे मात्र छापणार.)

पाचव्या नावावर काट आहे.
पाळकांची. शाईची नाही, पेन्सिलीची, तीही हलकी.
समासात, "स्वतःच्या विनंतीवरून."
पोराला वसतिगृह हवं होतं, वसतिगृहाला जातीचा दाखला,
आणि ख्रिस्ती लिहिलं की दाखला नाही.
रात्री माझ्या बापाकडे येऊन बसला होता.
दोघं काही बोलले नाहीत. चहा निवला.

तरी तो रविवारी यायचा.
आत नाही. पायरीवर.
सगळ्यांच्या चपला जोडीनं लावत बसायचा,
आणि आमचं आमेन झालं की
बाहेरून एक आमेन, जरा उशिरा.
मी लहान होतो. मला वाटायचं,
आमेनला शेपूट असतं.

आता रजिस्टर सहावं चालू आहे.
एकशे चौदा घरं, कीबोर्ड,
पोरं सातपूर-अंबडच्या कंपन्यांत,
रविवारी निम्मी आपापल्या मोबाईलवर.

खोडरबर घेऊन बसलो होतो.
काट पुसावी, नाव छापावं, एवढंच तर.
पण त्याचा नातू परवाच नोकरीला लागला,
त्याच दाखल्यावर.
खोडरबर परत कंपासात ठेवला.

लिहिलं, "सुरुवातीला सहा जण होते."
खाली नावं दिली, पाच.
छापखान्यातून फोन आला,
गुरुजी, एक नाव राहिलंय का?
म्हटलं, नाही.
मोजणी बरोबर आहे.