देय दिनांक

दिल्लीहून वकीलबाईंचा फोन आला तेव्हा
मी जुन्या मासिकांत डांबरगोळ्या ठेवत होते.
'प्रबंध क्रमांक चारशे बारा आहे का तुमच्याकडं?
आणि त्या कपाटाला कुलूप असायचं का?'

होता. नव्हतं.
तिसरं कपाट, खालचा खण.
नेमिनाथ मगदूम, एम. ई., शहाण्णव साल.
खासबागेतल्या कुस्तीची सोळा चित्रं ओळीनं:
तांबडी माती तीच, मागचे फेटे तेच,
सरकलाय फक्त वरच्या पैलवानाचा खांदा.
खाली सरांचं तिरकं अक्षर:
'हललं नाही ते परत पाठवू नये.
आधीच्या चित्रातून उचलावं,
हललं तेवढंच उकलावं.'

यावर एका कंपनीचा हक्क आहे म्हणे,
दोन हजार एकपासून,
दर मोबाईलमागं काही पैसे.
अपिलात प्रश्न एवढाच, की
हे त्याआधी कुणाला माहीत होतं का;
म्हणजे, माहीत होऊ शकत होतं का.

समोरचे वकील पडद्यावरून म्हणाले,
'इतक्या वर्षांत एकदाच इश्यू झालाय, मॅडम.
कोण हे व्ही. डी. आवळे?'

मी.

गणित मला कळलं नव्हतं.
डाव्या कोपऱ्यात हलगी घेऊन माझे वडील होते.
सोळाही चित्रांत त्यांचा हात वेगळ्या जागी.
ते गेले त्या साली मी प्रबंध घरी नेला,
देय दिनांक उलटला, वर चार महिने गेले.
दंड दिवसाला दहा पैसे.
बारा रुपयांची पावती आहे, चौदा मार्च नव्व्याण्णव,
शिक्क्यासह.

पडद्यावर कुणीतरी पाणी प्यायलं.

सर आता उद्यमनगरात पंपाचे भाग कातून देतात.
म्हटलं, 'जिंकलो तर तुम्हाला काय मिळणार?'
'मला? काय नाही. त्यांचं जाईल.
म्हणून माझं होत नाही.'
'मग कुणाचं?'
लेथ बंद करून त्यांनी बोटं पुसली.
'रंकाळ्याचा कट्टा कुणाचा?
बसेल त्याचा.'

निकाल राखून ठेवलाय.

आज दुपारी पॉलिटेक्निकचा एक पोरगा
चारशे बारा मागायला आला.
कोर्टात आहे, म्हटलं.
झेरॉक्स चालेल, म्हणाला,
आणि ओळखपत्रासाठी खिसे चाचपू लागला.