ला पाझहून परत, सराफ्यात

गराडूवाल्या मांगीलालनं विचारलं,
कसं होतं गाव?
उंच, म्हटलं.
पाणी लवकर उकळतं तिथं,
पण तूरडाळ शिजत नाही.

तो कढईकडे बघत राहिला.

श्रीमंत खाली, दरीत राहतात,
बाकीचे वर, जिथं हवा विरळ.
तारेवरच्या डब्यात समोर एक बाई होती,
डोक्यावर काळी टोपी, जराही न हलणारी,
पाठीवर पट्ट्यापट्ट्यांचं गाठोडं.
गाठोड्यानं जांभई दिली
तेव्हा कळलं, आत मूल आहे.
पायाखालून कुणाची तरी गच्ची गेली,
वाळत घातलेले मोजे, भुंकणारं कुत्रं, आवाज नाही.
माझी धाप बघून
तिनं आपल्याच छातीवर हात ठेवला:
हळू.

"मग डाळीचं काय केलंत?"
जीरावण भुरभुरत मांगीलाल.
काय करणार. बटाटे खाल्ले. जांभळे.

त्यानं दोन्यात एक तुकडा जास्तीचा टाकला.
"घ्या. शिजलेलं आहे."