परदेशी भाषा, असल्यास

कन्ना चौकातल्या झेरॉक्सच्या दुकानात मुश्ताकभाईंनी
मान वर न करता विचारलं,
'जर्मन कितपत? फ्लुएंट टाकू?
सगळेच टाकतात.'

मी म्हटलं, थांबा जरा.

अर्ज टॉवेलच्या कारखान्यासाठी, अक्कलकोट रोड एमआयडीसी,
निर्यात विभाग, पत्रव्यवहार साहाय्यक.
माल हांबुर्गला जातो, तक्रारी तिथून येतात:
रंग उतरला, काठ उसवला, पेटीत चार नग कमी.
तेवढं मला वाचता येतं.
उत्तर लिहिताना शब्दकोश लागतो,
आणि फोनवर बोलायचं तर
समोरच्याला घाई नसावी लागते.
याला एका शब्दात काय म्हणतात?

शिकले हुंडेकरी सरांकडे,
दाजी पेठेत, पिठाच्या गिरणीवरच्या खोलीत.
सर फिटर. लूम जोडायला आलेल्या दोन जर्मनांच्या हाताखाली
सात महिने पाने देता देता
त्यांनी भाषा उचलली, मॅन्युअलसकट.
त्यामुळे मला जर्मनमध्ये प्रेमाचं काही येत नाही,
'बेअरिंगला तेल द्या' येतं.
खाली गिरणी सुरू झाली की वाक्याचं शेपूट ऐकू यायचं नाही,
आणि त्यांचं क्रियापद कितीदा शेपटातच.
आपल्यासारखंच की, सर म्हणायचे, शेवटपर्यंत थांबायचं.
हांट म्हणजे हात, टुख म्हणजे कापड.
हांटुख.
आमच्या घरी तुव्वाल.
पहिल्या दर्जाचा बोटीत चढतो,
काठ वाकडा गेलेला नानांच्या खांद्यावर येतो.

घरी येऊन कच्चा कागद अम्माला वाचून दाखवला,
म्हणजे तेलुगूत सांगितला.
अम्मा विड्या वळत होती. तिला छाट कळते.
कारखान्यातला कारकून बोटाने चाचपतो,
सैल विडी बाजूला टाकतो, तिचे पैसे नाहीत.
'फ्लुएंट'पाशी ती थांबली.
अंटे एमिटी? म्हणजे काय?
मी म्हटलं, न अडता. नीळ्ळ लागा. पाण्यासारखं.

अम्माने दोरा दातांत धरला, गाठ मारली,
मग म्हणाली,
'आपल्या नळासारखं का?'

चौथ्या दिवशी. कधी पाचव्या.
रात्री-अपरात्री, तासभर,
आधी हवा खोकते, मग गढूळ, मग नितळ,
आणि तेवढ्यात पिंप, घागरी, पातेली, तांबेसुद्धा
भरून ठेवायचे.

मी हसले नाही. हिशेब बरोबर होता.
'फ्लुएंट' खोडलं. 'कामापुरती' लिहिलं.
ते फारच रोडकं दिसलं. तसंच ठेवलं.
खाली इतर भाषांच्या रकान्यात मराठी, हिंदी, इंग्रजी,
थोडी कन्नड, वरच्या मजल्यावरच्या गुरुबसव्वांची.
तेलुगूपुढे तीन चौकोन: बोलता, वाचता, लिहिता.
नानांची मागाच्या हिशेबाची वही त्याच लिपीत आहे.
मी एका चौकोनात खूण केली
आणि बाकीच्या दोनांकडे पाहत बसले,
हांबुर्गची तक्रार वाचू शकणारी मी,
विनोदिनी श्रीपती येमूल.

रात्री अडीचला वर दार वाजलं.
'नीरु बंतु!' गुरुबसव्वा.
बोळाच्या टोकाला कुणीतरी, 'पानी आया, उठो!'
'नीळ्ळु वच्चाय,' अम्माने मला हलवलं,
आणि मी डोळे मिटलेलेच, झोपेत, न अडता,
'वासर,' म्हणाले, 'वासर कॉम्ट.'

'कोण वासरू?' अम्मा म्हणाली.
'पैपु पट्टु.'
मी पाइप धरला.
आधी हवा खोकली.