एक घर चुकलं

मांडीपासून घोट्यापर्यंत प्लास्टर.
उशीवर ठेवलेला पाय
जणू दुसऱ्या कोणाचा, मी फक्त सांभाळतोय.
पोलावरून पडलो त्याला आज एकवीस दिवस.
वरची कवेलू मोजून झाली दोनदा,
दोन्ही वेळा वेगळी भरली.

शेजारची दुलेश्वरी, आठवीतली,
आश्रमशाळेतून सुटीत आलेली,
म्हणाली, 'मामा, हात तं बरे आहेत ना तुमचे?'
आणि मांडीवर टाकलं मॅटीचं कापड,
बोथट सुई, लाल-हिरव्या लडी
आणि चौकटींच्या कागदावर
फुल्याफुल्यांचा एक पोपट.

दोरा सहा पदरी. दोनच घ्यायचे.
एकदम ओढले की गुंततात,
म्हणून एकेक सोडवायचा, वरून, हळू.
हे मला जमलं. केबल सोलायची सवय.
शेवटी गाठ मारली, तर तिनं कापून टाकली.
'गाठ नाई माराची गा मामा.
शेपूट मागं धरा, टाक्याखाली दाबा.'
तीस वर्षं गाठींच्या भरवशावर लटकलो मी,
तिला काय सांगू.

आधी अर्धी फुली, सगळी ओळ,
मग परत येताना उरलेली अर्धी.
वरचे टाके सगळे एकाच अंगाला कलले पाहिजेत,
धानाच्या बांधीतून वारा गेल्यासारखे.
हे तिनं नाही म्हटलं. ती म्हणाली, 'बस, तसंच.'
ओढ इतकीच की दोरा बसावा,
कापड गोळा होऊ नये.
तार ताणताना आम्ही झोळ ठेवतो थोडा.
इथंही लागतो,
बोटालाच कळेल इतका.

अकराव्या ओळीला पंख मानेशी जुळेना.
मागं मोजत गेलो.
चूक तिसऱ्या ओळीतली,
देवाजी आला होता त्या दिवशीची.

देवाजी सबस्टेशनवर असतो.
फिडर त्यानंच चालू केला,
मी अजून उतरतच होतो.
फोन मध्येच कटला, त्याला वाटलं
'उतरलो' म्हणालो मी.
हे सगळं चौकशीच्या कागदात आहे.
माझ्यापुढं काही बोलला नाही,
स्टुलावर बसला, चहा तसाच निवू दिला.
माझ्या डोळ्यांना नेढं सापडत नव्हतं.
त्यानं सुई घेतली हातातून,
दोऱ्याचं टोक ओठात ओलं केलं, चपटं केलं,
ओवली एका दमात,
आणि परत दिली
टोक स्वतःकडे धरून.
मी घेतली,
आणि एक घर सोडून टोचली.

दुलेश्वरी कापड आधी उलटं करून बघते,
मग सुलट.
'उसवा बापा,' म्हणाली. 'आठ ओळी.'
म्हटलं, उसवता येते?
'येते ना. सुई उलटी धराची, नेढ्याकडून,
म्हणजे कापड नाई फाटत.'

दुपारभर तेच केलं.
दोरा निघत गेला नागमोडी,
कुठं कुठं वळलो होतो ते न विसरता.
भोकं उरली, जराशी रुंद.
पाण्याचा हात लावून नखानं घासली,
तशी मिटली.

संध्याकाळी चिखलाबोडीची लाईट गेली.
सवयीनं दोघंतिघं माझ्याच दारात आले,
टॉर्च प्लास्टरवर पडला, मग ओशाळून खाली.
'देवाजीले फोन लावा,' मी म्हणालो.
'अन् म्हणा, उद्या येताना
गोंदियाहून हिरवा दोरा आण, दोन लडी.'
रंग चुकू नये म्हणून
उसवलेल्यातला वीतभर तुकडा
त्यांच्यातल्या एकाच्या खिशात दिला.

पोपट सध्या चोच आणि मान एवढाच आहे.
डोळ्याची काळी फुली
तेवढी मी ठेवली होती.