चारशे सहासष्ट

शाल्मलीने जेवणाच्या टेबलावर दोन कागद ठेवले,
उडू नयेत म्हणून वर सेव-उसळीची वाटी.
एक कार्ड सोनेरी: विमानतळावर मऊ खुर्च्या,
सिनेमाचं दुसरं तिकीट फुकट,
आणि पार तळाशी, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत,
महिन्याला तीन पूर्णांक सहा टक्के.
दुसरं करडं. काहीच देत नाही.
व्याज मात्र निम्म्याहून कमी.
"बाबा, कुठलं?"

मी चष्मेवाला.
लोकांना शेवटची ओळ वाचायला लावणं हा माझा धंदा,
सयाजीगंजात, तळघरात, सव्वीस वर्षं.
माझ्या कार्डाची शेवटची ओळ
मी अकरा वर्षं वाचली नव्हती.

का वाचावी?
दर चौदा तारखेला सगळं भरून मोकळा.
पूर्ण भरणाऱ्याला तीन काय नि तीस काय,
शून्याचे कितीही टक्के काढा.
समोरच्या झेरॉक्सवाल्या निमेषभाईलाही ऐकवायचो:
दर विचारतो तो बुडायचं ठरवूनच आलेला असतो.
तो हसायचा. "साचुं, साचुं," म्हणायचा
आणि व्याजाबद्दल पुन्हा विचारायचा.

काळा घोडा पुलावरून मी रोज दोनदा जातो.
खाली विश्वामित्री, तिच्यात मगरी,
हे बडोद्यात पोराटोरांना ठाऊक.
पुलावरच्या माणसाला
मगरीचे दात मोजायची गरज पडत नाही.

एका वर्षी नदी स्वतःच वर आली.
तळघरात गळ्याइतकं पाणी,
चारशे फ्रेमा गाळात, काचा कापायचं यंत्र गेलं,
नंबर तपासायचा तक्ता तेवढा भिंतीवर राहिला,
वरची दोन अक्षरं कोरडी.
शेजारच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये
दोन स्कूटरींच्या मधे एक मगर पडली होती,
जणू तिथे तिच्या नावाची पाटी असावी.

यंत्र कार्डावर घेतलं. बासष्ट हजार.
चौदा तारखेला पहिल्यांदाच
माझं लक्ष 'किमान देय रक्कम' या शब्दांवर गेलं.
काय सभ्य शब्द!
पाहुण्याने म्हणावं, राहू द्या हो, सावकाश द्या.
तीन हजार शंभर. भरले.

अनुपमाने कुणाच्यातरी लग्नपत्रिकेमागे हिशेब मांडला.
व्याज दोन हजार दोनशे बत्तीस.
व्याजावर कर चारशे दोन.
मुद्दल हललं चारशे सहासष्टने.
"एवढ्यात तुमच्या दुकानात काय येतं?"
म्हटलं, फ्रेम. काचांशिवाय.
आणि त्या महिन्यापासून
कार्डावर घेतलेल्या दुधाच्या पिशवीलाही
पहिल्याच दिवसापासून व्याज.
ती बिनव्याजी दिवसांची सवलत
पाण्याबरोबर कधी गेली, कळलं नाही.

सात महिन्यांनी शाल्मलीच्या सहलीसाठीचं खातं मोडलं.
"मला जायचंच नव्हतं," ती म्हणाली होती.
साफ खोटं. बॅग भरलेली होती.

आता तीच विचारतेय,
आणि मी उसळीतली शेव मऊ होताना बघतोय.
कमी दराचं घे म्हणावं, तर
कधीच न लागणाऱ्या छत्रीसाठी
ती रोजच्या खुर्च्या सोडणार.
सोनेरी घे म्हणावं, तर मी कोण सांगणारा?

"तुझं ऑफिस कितव्या मजल्यावर?"
"सहाव्या."
"मग सोनेरी चालेल."
ती थोडा वेळ गप्प.
"आणि आपलं घर?"

घर तळमजल्यावर आहे,
हे तिलाही माहीत, मलाही.

तिने वाटी उचलली,
कागदावर उमटलेलं तेलाचं वर्तुळ पुसलं,
आणि तळाची ओळ पुन्हा वाचू लागली,
डोळे बारीक करून, कागद दूर धरून.
नंबर आलाय बहुतेक हिला.
उद्या दुकानात ये, म्हटलं.